शेतकरी कर्जमाफीच्या संगणकप्रणालीचे नियोजन : एक चिकित्सक अभ्यास
(विशेष संदर्भ : अमरावती व अकोला जिल्हे)

सारांश

महाराष्ट्र शासनाने २०१७ साली छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली आणि तिची अंमलबजावणी पूर्णतः ऑनलाइन पद्धतीने करण्याचे ठरविले. या प्रक्रियेत निर्माण झालेल्या अडचणींचे वर्णन त्या काळी 'संगणकाचा घोळ' अशा शब्दांत झाले. प्रस्तुत लेखात या अडचणींचा विचार सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या नियोजनाच्या अंगाने केला आहे. दोष यंत्रात होता त्यापेक्षा अधिक तो कामांच्या क्रमात होता; पूर्ततेची तारीख आधी ठरली आणि गावपातळीवरील नोंदींचे स्वरूप मागाहून कळले, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. २०१९ साली जाहीर झालेल्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेशी तुलना करून हे प्रतिपादन तपासले आहे आणि त्या तुलनेच्या मर्यादाही नोंदविल्या आहेत.

बीजसंज्ञा : सॉफ्टवेअर प्रकल्प, नियोजन, व्याप्ती, चाचणी, कर्जमाफी, सेवा सहकारी सोसायटी, वऱ्हाड.

१. प्रस्तावना

वऱ्हाडातील शेती आणि कर्ज यांचा संबंध नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भासाठी जे विशेष पॅकेज जाहीर केले, त्यातील सहा जिल्ह्यांपैकी अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम व बुलडाणा हे पाच जिल्हे अमरावती विभागातीलच होते. कोरडवाहू कापूस, सोयाबीन आणि तूर यांवर अवलंबून असलेल्या या भागात पीककर्ज हा हंगामाचा पहिला घटक असतो. खाते थकीत राहिले की बँकेचे नवे पीककर्ज मिळत नाही. मग पेरणीसाठी सावकाराकडे जाणे भाग पडते. म्हणूनच कर्जमाफीची रक्कम खात्यात केव्हा जमा होते, या प्रश्नाला येथे केवळ प्रशासकीय महत्त्व नाही. एका हंगामाचा विलंब म्हणजे सावकाराच्या व्याजाचा एक हंगाम होय.

अशा परिस्थितीत २०१७ ची कर्जमाफी संगणकाच्या माध्यमातून राबविली गेली. त्यामुळे एका सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या नियोजनाचे बरेवाईट परिणाम थेट शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचले. आपल्या महाविद्यालयांतून सॉफ्टवेअर अभियांत्रिकीचे अध्यापन करताना उदाहरणे बहुधा परदेशी कंपन्यांची घेतली जातात. आपल्याच विभागात घडलेला हा प्रकल्प मात्र अभ्यासाचा विषय क्वचितच होतो. ही उणीव काही अंशी भरून काढणे हा या लेखाचा हेतू आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
(अ) २०१७ च्या योजनेची कालरेषा तपासून नियोजनातील गृहीतके स्पष्ट करणे.
(आ) अमरावती व अकोला जिल्ह्यांतील कर्जनोंदींच्या रचनेच्या संदर्भात त्या गृहीतकांची चिकित्सा करणे.
(इ) २०१९ च्या योजनेतील कार्यपद्धतीशी तुलना करणे.

त्यासाठी शासनाने जाहीर केलेले निर्णय व सार्वजनिकरीत्या उपलब्ध माहिती यांचा आधार घेऊन विश्लेषणात्मक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

३. नियोजनविचाराची पार्श्वभूमी

सॉफ्टवेअर वेळेत का पूर्ण होत नाही, हा प्रश्न नवा नाही. १९६८ साली जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या पुढाकाराने भरलेल्या परिषदेत या विषयाची पहिली मोठी चर्चा झाली आणि 'सॉफ्टवेअर अभियांत्रिकी' ही संज्ञा रूढ झाली. १९७० साली विन्स्टन रॉइस यांनी आवश्यकता, आराखडा, संकेतलेखन, चाचणी आणि वापर अशी पायऱ्यांची रचना आपल्या निबंधात मांडली. पुढे तीच 'धबधबा पद्धती' म्हणून पाठ्यपुस्तकांत स्थिरावली. परंतु चाचणी शेवटी येत असल्याने ही सरळ रचना धोक्याची ठरते, असे स्वतः रॉइस यांनीच त्या निबंधात बजावले होते. काम नवीन असेल तर आधी त्याची लहान प्रतिकृती करून पाहावी, असा त्यांचा सल्ला होता. पाठ्यपुस्तकांनी आकृती घेतली आणि इशारा मागे ठेवला.

आयबीएमच्या सिस्टिम ३६० या प्रकल्पाच्या अनुभवावर आधारित असलेले फ्रेडरिक ब्रुक्स यांचे पुस्तक १९७५ साली प्रसिद्ध झाले. उशीर झालेल्या प्रकल्पात ऐनवेळी माणसे वाढविल्यास उशीर आणखी वाढतो, हे त्यातील प्रतिपादन सर्वपरिचित आहे. त्यांनी सुचविलेली कालविभागणी मात्र तुलनेने कमी चर्चिली जाते. एकूण काळाचा एक-तृतीयांश भाग नियोजनाला, एक-षष्ठांश भाग संकेतलेखनाला आणि उरलेला निम्मा काळ चाचणीला द्यावा, असे त्यांचे मत होते. म्हणजेच प्रत्यक्ष आज्ञावली लिहिण्याचे काम हा प्रकल्पातील सर्वांत लहान भाग ठरतो. २००१ साली सतरा तज्ज्ञांनी अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या 'अजाइल' जाहीरनाम्यानेही लहान टप्प्यांत काम करणे आणि प्रत्येक टप्पा वापरकर्त्यासमोर ठेवणे यांवर भर दिला.

या सर्व विचारांतून एक समान सूत्र हाती येते. नियोजन म्हणजे कामांपुढे तारखा लिहिणे एवढेच नसून, कोणती गोष्ट आपल्याला अद्याप ठाऊक नाही हे ओळखणे आणि ती सर्वांत आधी जाणून घेण्याची व्यवस्था करणे होय. पुढील विवेचनात हाच निकष वापरला आहे.

४. २०१७ च्या योजनेची कालरेषा

१ जून २०१७ रोजी पुणतांबा येथून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. त्या पार्श्वभूमीवर २४ जून रोजी शासनाने कर्जमाफीची घोषणा केली. ८९ लाख शेतकरी, ३४,०२२ कोटी रुपये आणि दीड लाख रुपयांपर्यंतची माफी हे घोषणेतील प्रमुख आकडे होते. २४ जुलैपासून ऑनलाइन अर्ज घेण्यास प्रारंभ झाला. १५ सप्टेंबरची अंतिम मुदत पुढे २२ सप्टेंबरपर्यंत वाढविण्यात आली. ५६ लाखांहून अधिक अर्ज दाखल झाले. दिवाळीत, १८ ऑक्टोबर रोजी, प्रमाणपत्रांच्या वाटपाचा समारंभ झाला. त्यानंतर काही दिवसांतच बँकांकडे पोहोचलेल्या याद्यांमधील विसंगती उघड झाल्या आणि रक्कम जमा होण्याचे काम रखडले.

या तारखांचे साधे गणित बोलके आहे. घोषणेपासून अर्ज सुरू होईपर्यंत ३० दिवस मिळाले आणि घोषणेपासून समारंभापर्यंत ११६ दिवस. ब्रुक्स यांची विभागणी लावली तर या ११६ दिवसांपैकी सुमारे ३९ दिवस नियोजनाला, १९ दिवस संकेतलेखनाला आणि ५८ दिवस चाचणीला मिळावयास हवे होते. प्रत्यक्षात तिसाव्या दिवसानंतर लाखो शेतकऱ्यांचे खरे अर्ज स्वीकारले जाऊ लागले. म्हणजे नियोजन, आराखडा, संकेतलेखन आणि चाचणी ही सर्व कामे त्या ३० दिवसांत बसविली गेली, अथवा त्यांतील काही पुढे ढकलली गेली.

दुसरे गणित भाराचे आहे. २४ जुलै ते २२ सप्टेंबर हे ६१ दिवस होतात. ५६ लाख अर्ज या काळात समान विभागले असे मानले, तरी दररोज सुमारे ९२ हजार अर्ज येतात. बारा तासांचा दिवस धरल्यास हा भार मिनिटाला सव्वाशेहून अधिक होतो. प्रत्यक्षात अर्ज समान विभागून येत नाहीत. मुदत जवळ येताच गर्दी वाढते. लाभार्थ्यांचा अंदाज घोषणेतच दिलेला असल्याने हा हिशेब आधी मांडणे शक्य होते. केंद्रांवरील रांगा आणि दिवसा संथ होणारी प्रणाली यांना आकस्मिक घटना म्हणता येत नाही.

तिसरे गणित पडताळणीचे आहे. २२ सप्टेंबर ते १८ ऑक्टोबर हे केवळ २६ दिवस होत. एवढ्या काळात ५६ लाख अर्ज बँकांच्या नोंदींशी पडताळावयाचे तर दररोज दोन लाखांहून अधिक अर्जांचा निकाल लागला पाहिजे. जेथे संगणक स्वतः जुळणी करू शकतो, तेथे ही संख्या मोठी नाही. जेथे माणसाला वही उघडावी लागते, तेथे ती अशक्यप्राय आहे. कोणते अर्ज पहिल्या प्रकारचे आणि कोणते दुसऱ्या प्रकारचे, हे नियोजनकर्त्यांना आधी ठाऊक असणे आवश्यक होते. त्यासाठी गावपातळीवरील नोंदींकडे वळावे लागते.

५. नोंदींचे वास्तव

सहकारी पीककर्जाची रचना त्रिस्तरीय आहे. वर राज्य सहकारी बँक, मध्ये जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक आणि तळाशी गावची सेवा सहकारी सोसायटी. शेतकरी हा सोसायटीचा सभासद असतो आणि त्याच्या कर्जाची मूळ नोंद गटसचिवाकडील खतावणीत असते. प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची केंद्रीय योजना २०२२ साली मंजूर झाली, हे लक्षात घेतले म्हणजे २०१७ साली या तळाच्या स्तराची स्थिती काय असेल याची कल्पना येते. बँकांकडून माहिती मागविण्यासाठी ६६ रकान्यांचा तक्ता ठरविण्यात आला होता. त्यातील अनेक रकान्यांची उत्तरे हस्तलिखित वहीतच होती. ती संगणकात आणण्यासाठी लागणारे मनुष्यबळ आणि दिवस हा त्या प्रकल्पातील सर्वांत मोठा खर्च होता. नियोजनात मात्र त्याला स्वतंत्र टप्प्याचे स्थान मिळाल्याचे कालरेषेवरून दिसत नाही.

नावांचा प्रश्न वेगळाच आहे. सातबारावर नाव मराठीत, बँकेत बहुधा रोमन लिपीत आणि आधारपत्रावर दोन्ही लिप्यांत असते. वऱ्हाडात 'वानखडे' असे लिहिले जाणारे आडनाव इतरत्र 'वानखेडे' होते. रोमन लिपीत 'काळे' आणि 'काले' यांतील भेद उरत नाही. वडिलांचे नाव कोठे पूर्ण असते, तर कोठे आद्याक्षरापुरते. माणसाला क्षणात उमगणारी ही साम्ये वा भेद यंत्राला नियमांच्या रूपात सांगावे लागतात आणि ते नियम खऱ्या नोंदी पाहिल्यावाचून लिहिता येत नाहीत.

प्रशासकीय सीमांचाही विचार करावा लागतो. १९९८ साली अकोला जिल्ह्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला. परंतु अकोला जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे कार्यक्षेत्र दोन्ही जिल्ह्यांत राहिले. महसूल यंत्रणा दोन जिल्हे मानते, तर बँक एक संस्था आहे. जिल्हानिहाय याद्या आणि बँकनिहाय याद्या यांची मांडणी त्यामुळे आपोआप जुळत नाही. अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात धारणी व चिखलदरा या तालुक्यांत संपर्कजाळ्याची अडचण आहे. तेथे ऑनलाइन अर्ज भरणे आणि अमरावती शहरात तो भरणे ही एकच कृती मानता येत नाही.

याखेरीज शेतकऱ्याच्या वेळेचा हिशेब राहतोच. अर्जाचा काळ म्हणजे वऱ्हाडात डवरणी, निंदण आणि फवारणीचा काळ. अर्जात पती व पत्नी दोघांचीही माहिती द्यावयाची होती. मातीत राबणाऱ्या हातांच्या बोटांचे ठसे यंत्राने न ओळखणे हाही परिचयाचा अनुभव आहे. सेवा केंद्रावर गेलेला एक दिवस म्हणजे एका मजुरीचे नुकसान. प्रकल्पाच्या खर्चात वापरकर्त्याचा हा खर्च धरण्याची पद्धत आपल्याकडे अद्याप रूढ नाही.

६. व्याप्ती आणि निकष

सॉफ्टवेअरची व्याप्ती ही धोरणातून ठरते. २०१७ च्या योजनेत लाभाचे एकक 'कुटुंब' असे होते. पती, पत्नी आणि अज्ञान अपत्ये मिळून दीड लाखाची मर्यादा होती. बँकेची नोंद मात्र खात्याची असते. तिला कुटुंब ठाऊक नसते. दोन बँकांतील दोन खाती एकाच कुटुंबाची आहेत की नाहीत, हे कळण्याचा मार्ग म्हणजे शेतकऱ्याने स्वतः भरलेला अर्ज आणि त्यातील आधार क्रमांक. अर्थात 'कुटुंब' या एका शब्दाने ५६ लाख अर्ज अपरिहार्य केले. निकष लिहिताना तो कोणत्या नोंदीवरून तपासता येईल, हा प्रश्न त्याच बैठकीत विचारला गेला पाहिजे, हा यातील धडा आहे.

थकबाकीदार, दीड लाखाहून अधिक कर्ज असलेले आणि नियमित परतफेड करणारे अशा तीन गटांसाठी तीन निराळे नियम होते. त्यांपैकी नियमित परतफेड करणाऱ्यास २५ टक्के अथवा कमाल २५ हजार रुपये असा लाभ होता. पुढे २०१८ साली २००१ पासूनच्या थकीत कर्जांचाही समावेश करण्यात आला. सामाजिक दृष्टीने हे बदल न्याय्य असू शकतात. परंतु प्रत्येक बदलाबरोबर आज्ञावली, तक्ते आणि आधी तपासलेल्या याद्या पुन्हा उघडाव्या लागतात. त्यासाठी कालरेषेत मोकळी जागा ठेवणे हा नियोजनाचाच भाग होय.

७. चाचणीचे स्थान

२०१७ च्या प्रक्रियेत अर्जदारांच्या याद्यांच्या चावडीवाचनाची तरतूद होती, ही उल्लेखनीय बाब आहे. कोणाची जमीन किती, कोण नोकरीत आहे, कोणते दोन अर्ज एकाच घरातले, हे गावाला माहीत असते. ही आपल्या मातीतील चाचणीपद्धती होय आणि ती कोणत्याही परदेशी पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. परंतु ती संपूर्ण राज्यात एकाच वेळी आणि अर्ज भरून झाल्यानंतर आली. तिच्यातून जे शिकावयाचे, ते शिकून प्रणाली बदलण्याची संधी उरली नव्हती. परिणामी एकाच आधार क्रमांकासमोर अनेक नावे यांसारख्या विसंगती बँकांच्या टेबलावर जाऊन उघड झाल्या. खरी चाचणी वितरणाच्या समारंभानंतर झाली, असेच म्हणावे लागते.

हा दोष केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेच्या आरोग्यविमा योजनेचे संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी कायद्याने ठरलेल्या कालपत्रकानुसार सुरू झाले आणि पहिल्याच दिवशी कोलमडले. संपूर्ण प्रणालीची एकत्रित चाचणी शेवटच्या दोन आठवड्यांत झाल्याचे कंत्राटदारांनी तेथील लोकप्रतिनिधींसमोर सांगितले. साधनसंपत्तीची वाण नसलेल्या देशातही तारखेने चाचणीचा काळ गिळला, हे येथे ध्यानात घ्यावे.

८. २०२० मधील दोन गावे : तुलना आणि तिच्या मर्यादा

डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना जाहीर झाली. यात शेतकऱ्याकडून अर्ज मागविण्यात आला नाही. बँकांनी आपल्याकडील खात्यांची माहिती प्रणालीत भरावयाची, शासनाने विशिष्ट क्रमांकासह यादी प्रसिद्ध करावयाची आणि शेतकऱ्याने आधार प्रमाणीकरण करून रक्कम मान्य अथवा अमान्य असल्याचे सांगावयाचे, असा क्रम होता. २४ फेब्रुवारी २०२० रोजी पहिली यादी प्रसिद्ध झाली ती केवळ ६८ गावांची, म्हणजे प्रत्येक जिल्ह्यातील दोन गावांची. त्यात १५,३५८ खाती होती. मोठी यादी त्यानंतर आली.

नियोजनाच्या दृष्टीने या दोन गावांचे मोल मोठे आहे. रॉइस यांनी सुचविलेली लहान प्रतिकृती ती हीच. दोन गावांत जे चुकते ते दुरुस्त करता येते. दोन हजार गावांत एकाच वेळी जे चुकते ते केवळ सहन करावे लागते. शिवाय तक्रारीची जागा आधीच नेमून दिलेली असल्याने 'रक्कम अमान्य' हे उत्तरही प्रणालीचा स्वाभाविक भाग बनले.

तथापि ही तुलना जपून केली पाहिजे. पहिली गोष्ट म्हणजे २०२० च्या यंत्रणेला २०१७ च्या श्रमांचा लाभ मिळाला. बँकांच्या नोंदी एकदा उलगडल्या गेल्या होत्या आणि आधार जोडणीही वाढली होती. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. या योजनेतील सुटसुटीतपणा काही प्रमाणात धोरणाने काहींना बाहेर ठेवून मिळविला. दोन लाखांहून अधिक थकबाकी असलेले शेतकरी मूळ योजनेत अपात्र होते, तर नियमित परतफेड करणाऱ्यांच्या प्रोत्साहनपर लाभाचा प्रत्यक्ष निर्णय २०२२ मध्ये झाला. आज्ञावली सोपी झाली हे प्रणालीचे यश असले, तरी ज्यांना वगळल्यामुळे ती सोपी झाली त्यांच्या दृष्टीने ते यश नव्हे. तिसरे असे की, मार्च २०२० मधील टाळेबंदीमुळे प्रमाणीकरण थांबले. ठसा घेण्यासाठी माणसाने केंद्रावर आलेच पाहिजे, या गृहीतकाची मर्यादा तेव्हा स्पष्ट झाली.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे योग्य ठरेल. संगणकाशिवाय ही योजना राबविली असती तर बरे झाले असते, असे काहींना वाटते. परंतु २००८ च्या केंद्रीय कर्जमाफीत बँकांनी तयार केलेल्या याद्यांवरून लाभ दिला गेला होता आणि भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ च्या अहवालात तपासलेल्या ९०,५७६ खात्यांपैकी सुमारे २२ टक्के खात्यांत त्रुटी दाखविल्या. अपात्रांना रोखण्यासाठी ऑनलाइन पडताळणीचा आग्रह धरण्यामागे सबळ कारण होते. आंदोलनाचा दबाव आणि हंगामाची निकड पाहता तारीख जाहीर करणेही समजण्यासारखे होते. आक्षेप तारखेवर नाही. तारीख ठरल्यावर तिच्यात न मावणारे काम कोणते, हे ओळखून ते टप्प्यांत न विभागण्यावर आहे. राष्ट्रीयीकृत बँकांतील, एकच खाते असलेल्या शेतकऱ्यांपासून प्रारंभ करून गुंतागुंतीच्या खात्यांकडे जाण्याचा मार्ग त्या वेळीही उपलब्ध होता.

९. निष्कर्ष

(१) २०१७ च्या प्रकल्पात पूर्ततेची तारीख हा एकमेव निश्चित घटक होता आणि इतर सर्व कामे तिच्यापासून मागे मोजली गेली. अनिश्चित घटकांपासून प्रारंभ करण्याचे तत्त्व त्यामुळे बाजूला पडले.
(२) सर्वांत मोठी अनिश्चितता आज्ञावलीत नव्हती. ती सोसायटीच्या खतावणीत, नावांच्या लेखनात आणि जिल्ह्यांच्या सीमांत होती.
(३) 'कुटुंब' हा निकष आणि 'खाते' ही नोंद यांतील अंतर धोरण ठरविताना लक्षात घेतले न गेल्याने अर्जांचा डोंगर उभा राहिला.
(४) २०२० मधील दोन गावांच्या पद्धतीने चाचणीला योग्य स्थान दिले. परंतु तिचे यश काही अंशी संकुचित व्याप्तीतून आले.

१०. शिफारशी

शासकीय योजनेचा निर्णय काढताना प्रत्येक निकषापुढे तो कोणत्या नोंदीवरून तपासला जाईल याचा उल्लेख असावा. प्रथम चाचणीची गावे निवडताना सोयीची गावे न घेता मेळघाटातील एक आणि दोन जिल्ह्यांत पसरलेल्या बँकेच्या क्षेत्रातील एक, अशी अवघड गावे घ्यावीत. सोप्या गावात यशस्वी झालेली चाचणी फारसे काही शिकवीत नाही. चावडीवाचन हे प्रारंभिक टप्प्यातच व्हावे.

महाविद्यालयांपुरते पाहता, संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमांतील प्रकल्पांत अनेकदा आज्ञावली आधी तयार होते आणि आवश्यकतांचा अहवाल सादरीकरणाच्या आदल्या आठवड्यात लिहिला जातो. कालपत्रकाची आकृती काम संपल्यावर काढली जाते. मोठ्या प्रकल्पांत दिसलेल्या उलट्या क्रमाची सवय अशी वर्गातच लागते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आलेल्या क्षेत्रप्रकल्पात विद्यार्थ्यांनी एखाद्या सेवा सहकारी सोसायटीत जाऊन गटसचिवाकडून खतावणीची मांडणी समजून घ्यावी आणि सभासदांची गोपनीयता राखून, आज्ञावलीची एकही ओळ न लिहिता, केवळ अनुत्तरित प्रश्नांची यादी सादर करावी. त्या यादीला गुण द्यावेत. पीककर्ज वेळेत न मिळाल्याची किंमत ज्या विभागातील शेतकरी मोजतो, त्या विभागातील विद्यापीठीय शिक्षणाकडून एवढी अपेक्षा बाळगणे अवाजवी ठरू नये.